बक्कल नंबर

बाबांनी कागद उभ्याउभ्याच वाचला. टोपी डोक्यावर, पट्टा सैल केलेला, एका हातात पाण्याचा लोटा. वाचून झाल्यावर लोटा खाली ठेवला, माझ्या हातातला पेन घेतला आणि अकरा नावांपुढचे अकरा बक्कल नंबर, म्हणजे पोलिसांचे ओळख क्रमांक, एकेक करून खोडले. नुसती रेघ मारून त्यांचं समाधान झालं नाही. गिरवून गिरवून काळे केले आणि मग कागद बल्बसमोर धरून पाहिला, मागून काही दिसतं का म्हणून.

"ह्याच्यावर माहा नंबर कायले पायजे?"

"तुमचा कोठी हाय? माह्या नावापुढं हाय तो," आई म्हणाली.

"अवं, पण नंबर त माहाच हाय ना!"

२००६ चा पावसाळा होता. वणीच्या पलीकडं एका लहानशा ठाण्याच्या मागं अकरा खोल्यांची पोलीस लाईन. वर कवेलू, आणि कवेलूंवर माकडं. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे तर माणूस बोलवावा लागे आणि त्याचे पैसे आपल्याच खिशातून. मी तेव्हा बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला होते. अक्षर बरं, म्हणून लाईनीतल्या बायकांनी निवेदन लिहायचं काम माझ्यावर टाकलं. खासदार येणार होते, गावात सभामंडपाचं भूमिपूजन होतं. मागण्या तीनच: घराचं छप्पर, आठवड्याची एक सुट्टी, ड्यूटीचे तास ठरलेले असावेत.

आई सांगत होती, "लिव, रात्री दोनले येते अन् सकाळी सहाले जाते. पोट्टे बापाले वळखत नाईत." मी लिहिलं, ‘कर्तव्याचे तास निश्चित नसल्याने कौटुंबिक जीवनावर विपरीत परिणाम होतो.’ तेव्हा मला माझं वाक्य फार भारदस्त वाटलं होतं. आता आईचंच ठेवायला हवं होतं असं वाटतं.

भूमिपूजनाच्या दिवशी बंदोबस्ताला अर्थातच ह्याच अकरा जणींचे नवरे. आई आणि दोन काकू कागद घेऊन मांडवाकडं निघाल्या, तेव्हा बाबा मंचाच्या कडेला उभे होते. बायको समोरून जाताना दिसली तसं त्यांनी तोंड फिरवलं आणि बाजूच्या वावरातल्या पऱ्हाटीकडं पाहत राहिले. खासदारांनी कागद घेतला, नमस्कार केला, दिल्लीत मांडतो म्हणाले आणि कागद पीएकडं दिला. पीएच्या हातात प्लास्टिकची फाईल होती. तिच्यात तोवर रस्ते, डीपी, रेल्वेचा थांबा, स्मशानभूमीचं शेड असं बरंच काही जमलेलं होतं.

खासदारांनी शब्द पाळला, हे सांगायलाच पाहिजे. त्यांनी गृह मंत्रालयाला पत्र लिहिलं आणि त्याची एक प्रत आईच्या नावानं घरी आली. पुढं उत्तर आलं, त्याचीही प्रत आली. त्यात काय होतं ते मी आज बारावीच्या पोरांना डोळे मिटून सांगू शकते, कारण पोलिसांविषयी संसदेत काहीही विचारलं की पहिली ओळ बहुतेक हीच असते: राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे राज्यांचे विषय आहेत. म्हणून निवेदन पुढील कार्यवाहीसाठी राज्याकडं. राज्यानं ते जिल्ह्याकडं पाठवलं, जिल्ह्यानं उपविभागाकडं. आणि तुरीच्या शेंगा बाजारात यायला लागल्या त्या सुमारास आमचा कागद, अंगावर पाच-सहा शिक्के आणि आवक-जावकचे तेवढेच नंबर घेऊन, आमच्याच ठाण्याच्या टेबलावर येऊन पडला. शेरा होता: चौकशी करून अहवाल सादर करावा.

चौकशी कोणाची, तर सह्या करणाऱ्यांची.

ठाणेदारांनी ती दिली दुसऱ्या एका बीट जमादाराकडं. ते आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचे आणि निवेदनावर पाचवी सही त्यांच्याच बायकोची होती. दुसरं होतं तरी कोण त्या ठाण्यात? संध्याकाळी ते पॅड घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले. आईनं चहा मांडला. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला लागले, ‘समक्ष विचारलेवरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहणारी असून घरकाम करते...’ लिहितालिहिता मोठ्यानं म्हणत होते. ‘सदर निवेदन मी कोणाचेही सांगण्यावरून दिले नसून, माझे पतीस त्याबाबत काहीएक माहिती नाही.’

आई हसली. "हे मातर खोटं हाय, भाऊजी."

"वहिनी, सही करा."

तिनं केली. भाऊजींनी एकदा वर पाहिलं, फुटक्या कवेलूंतून आभाळाचा तुकडा दिसत होता. "हे लिहू का ह्याच्यात?" असं स्वतःशीच पुटपुटले आणि मग स्वतःच म्हणाले, "नको, ते बांधकामवाल्यांचं." मग ते उठून आपल्या घरी गेले, आपल्या बायकोचं बयान घ्यायला. त्या बयानातही नवऱ्याला काहीएक माहिती नसणार, हे उघड आहे.

टिनपत्रे दोन वर्षांनी आले. कशामुळं आले ते कोणालाच कळलं नाही.

मी आता कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी कलम १९ येतं, संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य येतं, आणि दरवर्षी मी पोरांना कलम ३३ वर आणून थांबवते. सैन्य आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणारी दलं, ह्यांचे मूलभूत हक्क किती कापायचे ते संसद ठरवते, असं ते कलम. त्याच्या आधारानं संसदेनं १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा केला. परवानगीशिवाय पोलिसानं कामगार संघटनेत किंवा राजकीय संघटनेत राहायचं नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दिल्लीतल्या पोलिसांच्या संघटनेनं ह्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धडक मारली, पण १९८६ मध्ये न्यायालयानं कायदा योग्यच ठरवला.

आता गंमत पाहा. पगार, घर, सुट्टी, ड्यूटी विचारली तर तो राज्याचा विषय. पण त्याबद्दल बोलू द्यायचं की नाही, हे ठरवते संसद. तोंड बांधणारं दिल्लीत आणि पोट भरणारं मुंबईत. आईचा कागद ह्याच फटीत पडला होता.

१९२२ चा एक ब्रिटिश कायदा ह्याच्याही आधीचा आहे. पोलिसांमध्ये अप्रीती पसरवणाऱ्या कोणालाही सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोनशे रुपयांपर्यंत दंड. हा बाहेरच्यांनाही लागतो. म्हणजे पेन हातात धरलेल्या मलाही, कोणी फारच मनावर घेतलं असतं तर. ते दोनशे रुपये आईनं भिशीतून भरले असते.

त्या १९२२ च्या तीनच वर्षं आधी त्याच ब्रिटिशांनी आपल्या घरी काय केलं, हे वाचलं तेव्हा मला जरा वेळ लागला पचवायला. १९१८ मध्ये लंडनचे पोलीस संपावर गेले, १९१९ मध्ये पुन्हा संप झाला. सरकारनं संपावर बंदी घातली, युनियनवर बंदी घातली, पण त्याच १९१९ च्या कायद्यानं पोलीस फेडरेशन नावाची अधिकृत संस्था उभी करून दिली. संप नाही, पण बोलायला जागा. आणि ती जागा नावापुरती नव्हती. पुढं पंतप्रधान झालेले जेम्स कॅलहन हे १९५५ ते १९६४ ह्या काळात ह्या फेडरेशनचे संसदीय सल्लागार होते. पोलिसांच्या पगाराचं सभागृहात बोलायला नेमलेला खासदार! आमच्याकडं मात्र दोनशे रुपये दंड.

बाबा १९८४ साली भरती झाले. नागपूरला प्रशिक्षणात उस्तादानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे, सगळं विचारा, ब्याऐंशीचं विचारू नका. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती, हेच आता कोणाला ठाऊक नसतं. १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू असताना ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस रस्त्यावर आले, दंगल झाली, बाहेरून दलं बोलवावी लागली. सरकारनं संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या नोकऱ्यांच्या आठवणीवरच पुढच्या पिढ्यांची शिस्त उभी राहिली असावी. बाबांनी ते अकरा नंबर ज्या जोरानं काळे केले, तो जोर तिथून आलेला होता.

मग पोलिसांनी काय करायचं? दरबार असतो. वर्षातून कधीतरी पोलीस अधीक्षक येतात, सगळ्यांना ओळीनं बसवतात आणि "काही अडचणी?" असं विचारतात. "त्या टायमाले पंखा लय आवाज करते," असं बाबा म्हणायचे. केरळ आणि बिहारमध्ये मान्यता असलेल्या पोलीस संघटना आहेत, म्हणजे कायद्यातली ती ‘परवानगी’ मिळू शकते, तिच्यामुळं आभाळ कोसळत नाही. आणि आयपीएस अधिकाऱ्यांची संघटना आहेच. ज्यांना मंत्रालयाचा जिना पाठ आहे त्यांना संघटना, आणि ज्याला तहसील कचेरीत अर्धा तास जायचं तर नोंद करून जावं लागतं त्याला दरबार.

२००६ च्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंग खटल्यातला निकाल आला. ‘पोलीस सुधारणा’ असे मथळे वाचून लाईनीतल्या बायकांना वाटलं, आपलंच काहीतरी झालं. काकू पेपर घेऊन माझ्याकडं आल्या. मी सातही निर्देश वाचून दाखवले: राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकांना दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त वेगळा, बदल्यांसाठी मंडळ, तक्रारींसाठी प्राधिकरण, असं सगळं. चांगलंच होतं. "अन् सुट्टी?" काकूंनी विचारलं. सुट्टी नव्हती. १९९६ पासून तो खटला लढवणारे निवृत्त पोलीस अधिकारी मोठ्या हुद्द्यांवरून आलेले होते, त्यांना जे दुखलं होतं ते त्यांनी मांडलं.

ड्यूटीचे आठ तास शेवटी आले ते भलत्याच वाटेनं. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, आणि त्याचं गणित बसवून दिलं होतं एका शिपायानं. ऐकणारा आयुक्त मिळाला म्हणून ते झालं. ऐकणारा बदलून गेला की काय होतं, हे पोलिसाच्या घरी कोणाला सांगावं लागत नाही. २०१९ चा देशभरातल्या पोलिसांच्या पाहणीचा एक अहवाल आहे, त्यात पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतो असं निघालं. मी तो आकडा बाबांना सांगितला. ते म्हणाले, "बाकीचे दहा तास काय करते म्हणे?"

दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला बाबा नागपूरला जायचे. कुठल्यातरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, पहाटे चारला उठून टेकडी रोडवर नाहीतर मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला उभं राहायचं. येताना संत्री आणायचे, आणि गोष्टी. अंगणवाडीच्या बायका, विनाअनुदानित शिक्षक, कोतवाल, आशा, धनगर, हलबा, विदर्भवादी. प्रत्येकाचा झेंडा, प्रत्येकाची घोषणा. मोर्चा अडवायचा, मग पाच जणांचं शिष्टमंडळ गाडीत घालून मंत्र्यांकडं न्यायचं, निवेदन देऊन झालं की परत आणून सोडायचं. कितीतरी जणांना बाबांनी असं निवेदन द्यायला नेलं असेल. आशांचं मानधन किती, कोतवालांची मागणी काय, हे त्यांना तोंडपाठ होतं. मोर्चा अडवून धरताना पुढच्या रांगेशी गप्पा होतातच. एकदा एका कोतवालानं त्यांना विचारलं होतं, "जमादार, तुमचा मोर्चा कधी असते?" ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे. दर वर्षी सांगायचे.

१४ मार्च २०२३ ला राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा तहसीलसमोरच्या मांडवात मीही होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आम्हा सगळ्यांना जुनी पेन्शन नाही. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ असं ओरडून घसा बसला होता. मांडवाच्या कडेला दोन शिपाई. त्यातला एक माझाच विद्यार्थी, भरती होऊन आठ-नऊ वर्षं झालेला. दुपारी ऊन चढल्यावर मी त्याला पाण्याची बाटली दिली. त्यानं आधी इकडं तिकडं पाहिलं, मग घेतली.

"म्याडम, तुमचं झालं त आमचंबी होईन ना?"

त्याची पेन्शनही आमच्यासारखीच बाजाराला बांधलेली. आम्ही सात दिवस बसलो आणि वीस तारखेला उठलो. ते सातही दिवस तो उभा होता, आमच्यावर लक्ष ठेवायला. मी त्याला काय सांगणार? होईल रे, म्हटलं.

म्हणून अमेरिकेतलं ते प्रकरण वाचलं तेव्हा त्याची आठवण आली. तिकडं पुष्कळ ठिकाणच्या पोलिसांना, शिक्षकांना, अग्निशमनवाल्यांना राज्याची किंवा शहराची पेन्शन असते, ते केंद्राच्या सोशल सिक्युरिटी योजनेत नसतात. पण ह्यांनी दुसरी एखादी नोकरी करून त्या योजनेत पैसे भरले असले, तरी १९८३ च्या एका तरतुदीमुळं त्यांच्या वाट्याला कात्री लागायची. जोडीदार गेल्यावर मिळणाऱ्या रकमेला १९७७ ची दुसरी कात्री होती. ह्या दोन कात्र्यांविरुद्ध पोलीस संघटना वर्षानुवर्षं वॉशिंग्टनमध्ये हेलपाटे घालत होत्या. दर नव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, विधेयक आणायचं, सह्या गोळा करायच्या, विधेयक मरायचं, पुन्हा आणायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात ते प्रतिनिधिगृहात ३२७ विरुद्ध ७५ नं पास झालं, डिसेंबरात सिनेटमध्ये ७६ विरुद्ध २० नं, आणि ५ जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष बायडन ह्यांची सही झाली.

ह्यात पुढं असलेली फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस ही १९१५ साली पिट्सबर्गमध्ये निघाली, आज तिचे साडेतीन लाखांवर सभासद आहेत. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना ती प्रश्नावली पाठवते आणि आपला पाठिंबा जाहीर करते. उमेदवारानं पोलिसांचा पेपर सोडवायचा! आमच्याकडं २१ ऑक्टोबरला स्मृतिदिनी मुख्यालयात शहिदांची नावं वाचतात, बंदुका उलट्या धरतात, बिगुल वाजतो. गडचिरोलीची नावं त्या यादीत किती असतात ते विदर्भात सांगायला नको. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला गाडीखाली स्फोट झाला, पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेले. त्या ओळीत उभ्या असलेल्या बायकांच्या हातात नारळ, साडी, प्रमाणपत्र असतं. त्यांचं म्हणणं घेऊन उभं राहणारं त्यांचं स्वतःचं असं कोणी नसतं.

इथवर माझी बाजू पक्की आहे. पुढं डळमळते.

कारण त्याच अमेरिकन संघटनांनी आणखीही काही मिळवलेलं आहे. मेरीलँडमध्ये १९७४ मध्ये पोलिसांसाठी हक्कांची खास सनद मंजूर झाली. दोषी पोलिसावर कारवाई करणं तिच्यामुळं इतकं जिकिरीचं झालं की २०२१ मध्ये ती रद्द करावी लागली. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरचं पोलीस सुधारणेचं विधेयक २०२१ च्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहात पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. पोलिसांवर वैयक्तिक दावा लावता येऊ नये म्हणून असलेलं संरक्षण काढायचं की नाही, ह्यावर घोडं अडलं. ते काढू नये म्हणून जोर लावणाऱ्यांत पोलीस संघटना होत्याच.

आणि मी विदर्भातली आहे, मला देसाईगंज विसरून कसं चालेल? २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, चंद्रपूरच होतं. खालच्या कोर्टानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं, मुलीच्या अंगावर विरोधाच्या खुणा नाहीत म्हणून. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये संसदेनं कायदा बदलला. पोलीस कोठडीत असं घडलं आणि बाई संमती नव्हती म्हणाली, तर न्यायालयानं तेच धरून चालावं, असं ठरलं. आमच्या भागातल्या एका ठाण्यातून निघालेली गोष्ट दिल्लीत पोहोचून कायदा झाली, ती ही.

त्या दोघांच्या पाठीशी तेव्हा अमेरिकेसारखी भक्कम संघटना असती, सभागृहात बोलायला चार खासदार असते, तर १९८३ चा तो बदल झाला असता का? मला खात्री नाही. लाईनीच्या भिंतीला लागूनच लॉकअप होतं आमचं. रात्री तिकडून आवाज आला की आई रेडिओ मोठा करायची. आम्ही कधी विचारलं नाही आणि बाबांनी कधी सांगितलं नाही. बाबांच्या सुट्टीसाठी लिहिलेल्या माझ्या निवेदनात त्या आवाजाची ओळ नव्हती, आणि लाईनीतल्या कुठल्याच बाईच्या मनात ती आली नसती.

तरीही मी इंग्लंडच्या त्या १९१९ कडंच परत येते. संप नको, पण नाव लिहून सही करता येईल असा कागद पाहिजे. जो माणूस स्वतःच्या सुट्टीबद्दल उघड बोलू शकत नाही, तो शेजारच्या खोलीतल्या आवाजाबद्दल कधी बोलणार? हे माझं म्हणणं. बाबांना ते पटत नाही. ते म्हणतात, बोलाले लागला की पह्यले तो आपल्या सायबाचंच बोलीन, आवाजाचं नाई.

बाबा २०२० मध्ये निवृत्त झाले. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या वेळच्या सात-आठ निवृत्तांनी ठरवलं, दवाखान्याच्या खर्चाचं खासदारांना निवेदन द्यायचं. आता बंदी नाही. लिहायला मीच. ह्या वेळी मी मागण्या आईला विचारून लिहिल्या, ती म्हणाली तशाच. शासकीय विश्रामगृहावर गेलो. खासदार नवे, पीए पंचविशीतला, हातात फाईलच्या जागी टॅब. तो म्हणाला, "काका, सगळ्यांनी नावापुढं नंबर लिहा, म्हणजे अपडेट पाठवता येईल."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाकून सही केली. सहीपुढं नंबर लिहिला, सावकाश, एकेक आकडा कोरल्यासारखा.

पीएनं कागद पाहिला. "काका, हा मोबाइल नंबर अर्धवट आहे. चारच आकडे आहेत."

"तेवढाच हाय," बाबा म्हणाले.